ज्वारीवरची हाक

कॅमेऱ्यानं पक्ष्यांचं चित्रण करण्याचे माझे स्वतःचे नियम आहेत आणि ते मी कुणासाठी वाकवत नाही. दिवाळी संपली की सुरुवात, होळी आली की बंद. पक्षी नुसता फांदीवर बसलेला चालत नाही. त्यानं काहीतरी करायला पाहिजे. खाल्लं पाहिजे, भांडलं पाहिजे, निदान अंग तरी खाजवलं पाहिजे. एका हिवाळ्यात जमतील तेवढ्या जाती टिपायच्या आणि पुढच्या हिवाळ्यात त्याहून एक तरी जास्त, एवढाच खेळ. मी खामगावात एका बँकेत काउंटरवर बसते. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवार माझा असतो. शेजारणी विचारतात, "पाखरं पाह्याचा पगार भेटते का वं?" मी सांगते, पेन्शनसुद्धा भेटणार आहे.

बाबांना हे कधी पटलं नाही. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात, काळ्या जमिनीत, त्यांनी जन्मभर शेती केली. त्यांच्या लेखी पाखरांचे दोनच प्रकार होते: पिकावर बसणारी आणि न बसणारी. पहिल्यांशी वैर, दुसऱ्यांशी देणंघेणं नाही. मी कॅमेरा घेतला तेव्हा ते म्हणाले, "चोराचे फोटू पोलीस काढतात. तू काऊन काढून राह्यली वं?" त्यावरून आमचं जे भांडण सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. मी घरी गेले की चहा संपायच्या आत ते छेडायचे आणि मी चिडायची. माझ्या न झालेल्या लग्नावर, आई गेल्यावर घरात आलेल्या रिकामेपणावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. पाखरांवर मात्र मनसोक्त भांडायचो. आमच्या दोघांत बोलायला तेवढंच होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं समजत होतं. भाकर म्हटलं की ते टोपलीकडे पाहायचे, भाऊ शेतात जायला निघाला की डोळे दारापर्यंत त्याच्यामागे जायचे. पण शब्द निघत नव्हता. सुरुवातीला प्रयत्न करायचे. ओठ हलायचे, मान ताठ व्हायची आणि शेवटी कण्हल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजाची त्यांना लाज वाटायची. काही दिवसांनी त्यांनी तोंड उघडणंच सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओळखीचं दाखवत राहा, त्यांच्याशी बोलत राहा, सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका. भाऊ दिवसभर शेतात, वहिनी त्यांचं अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं करायची. मी शनिवारी संध्याकाळी यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायची. माझ्याकडे त्यांना दाखवायला ओळखीचं काय होतं? पाखरं होती. मी ठरवलं, या हिवाळ्यात आजवर कधी टिपल्या नाहीत एवढ्या जाती टिपायच्या आणि बाबांना दाखवायच्या. एखाद्या तरी पाखराचं नाव त्यांच्या तोंडातून निघेल, नाहीतर जुनं भांडण तरी परत सुरू होईल. ते मला चोरांची फोटोवाली म्हणाले असते तरी मी देवापुढे साखर ठेवली असती.

त्या हिवाळ्यात मी वेड लागल्यासारखी फिरले. उरलेली सगळी रजा त्यातच घातली. नळगंगेच्या धरणावर थंडीत कुडकुडत चक्रवाक टिपले, लोणारच्या काठावर लांब तांबड्या पायांचे शेकाटे टिपले, तारेवर बसून शेपटी हलवणारा गप्पीदास टिपला. माळावर जमिनीलगत तरंगत जाणाऱ्या भोवत्यासाठी एक अख्खी दुपार गवतात पालथी पडून राहिले. एरवी मला या सगळ्यात फार आनंद होतो. त्या वर्षी आनंद झाला नाही. प्रत्येक पक्षी दिसला की मनात एकच यायचं, हा तरी बोलवेल का?

शनिवारी पेनड्राईव्ह टीव्हीला लावायचा, बाबांना उशा लावून बसवायचं आणि विचारायचं, "बाबा, हे कोनतं पाखरू होय?" ते पाहायचे. नीट पाहायचे, हे मी खोटं सांगणार नाही. पण मी विचारलं की नजर खाली जायची. मी थांबायची, परत विचारायची, पहिलं अक्षर सुचवायची. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा चक्रवाकांची जोडी पडद्यावर असताना बाबांनी डावा हात डोळ्यांवर ठेवला. स्वयंपाकघरात वहिनी मला हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू. पन तुमी त्याईचा पेपर घेऊन राह्यल्या. येत असूनई सांगता नाही आलं, त मानसाले कसं वाटत असन?"

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. पण दाखवणं मी थांबवलं नाही. फक्त विचारणं बंद केलं.

जानेवारीत धाडच्या पुढच्या टेकड्यांकडे गेले होते. आमच्या बाजूला आता कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. ज्वारी कुणी फारशी पेरत नाही. तिकडे मात्र एकानं कडब्यासाठी म्हणून दोन-तीन एकर ज्वारी पेरली होती आणि ती हुरड्यावर आली होती. शेतात कुणी नव्हतं. मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून जात असताना भोरड्यांचा थवा आला. गुलाबी पाठीची, काळ्या डोक्याची ही पाखरं शेकड्यांनी येतात आणि सगळी एकदम उतरतात. कणसं वाकली. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, श्वास धरला आणि चित्रण सुरू केलं. पाखरं कणसं सोलत होती, एकमेकांना ढकलत होती, आतले दाणे संपले की पुढच्या ओळीवर जात होती. मी कितीतरी वेळ हललेही नाही. माझ्या नियमांत इतकं चोख बसणारं चित्रण मला तोवर मिळालं नव्हतं.

त्या शनिवारी ते बाबांना लावून दिलं आणि मी शेजारी शेंगा सोलत बसले. भाऊ नुकताच शेतातून येऊन हातपाय धूत होता. टीव्हीवर थवा उतरला. बाबांची पाठ उशीपासून सुटली. डावा हात वर गेला, छाती भरली आणि त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला.

"हाऽऽऽ होऽऽऽ!"

तो कण्हल्यासारखा आवाज नव्हता. बाबांचाच होता, खडखडीत, पूर्वीचा. ज्वारी असायची तेव्हा हुरड्याच्या दिवसांत बाबा मचाणावर उभे राहून हीच हाक द्यायचे, मागोमाग गोफणीतून दगड सोडायचे, आणि पाखरं उठून पुढच्या शेतावर जायची. तिथून दुसरी हाक, मग तिसरी. सकाळभर शिवारातून हाका फिरायच्या. ज्वारी गेली तशा त्या हाकाही गेल्या. मी लहानपणानंतर ती ऐकलीच नव्हती.

भाऊ ओल्या हातांनी दारात आला. "बाबा बोलले. बोलले ना वं?" असं तो दोनदा म्हणाला आणि तिथंच खाली बसून रडला. वहिनी पदरानं डोळे पुसत होती. बाबा मात्र त्या दोघांकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते आणि चांगलेच संतापले होते. पडद्यावर पाखरं अजून खात होती. मला उशिरा उमगलं. शेतकऱ्याची पोर, उभ्या ज्वारीवर भोरड्या बसल्या आणि ही तोंडातून हूं की चूं न करता पाहत उभी राहिली. आमच्या गावात असं येड्या माणसानंही केलं नसतं. बाबांनी पुन्हा हाक दिली, पाखरांना आणि बहुधा मलाही.

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आरती, शिवी, लहानपणची गाणी, अशा हाका, हे सगळं डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात असतं. बोलणं परत आलं असं समजू नका. कदाचित पुढे येईल, कदाचित एवढंच राहील. मी हे भावाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढं त एवढं." मला एवढं पुरत नव्हतं.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी तेच लावत राहिले. थवा उतरला की हाक, प्रत्येक वेळी. हाक संपली की मी पाण्याचा पेला समोर धरून म्हणायची, "पानी म्हना बाबा, पानी." ते पेल्याकडे पाहायचे आणि गप्प. गावात गोष्ट पसरली. नातेवाईक, भावकी, ओटा भरून माणसं यायची. पाहुणा चहा पिऊन झाला की म्हणायचा, "लावा ना ते भोरड्याचं. बोलतात म्हनते." भावानं दोघातिघांना लावून दाखवलं. त्यात त्याचं वाईट काही नव्हतं, बाप बोलतो हे त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं. पण शेवटच्या वेळी बाबांनी पडद्याकडे न पाहता पाहुण्यांकडे पाहिलं. ओट्यावर सगळे माना पुढे काढून वाट पाहत होते. बाबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि जबडा थरथरत असतानाही हाक बाहेर येऊ दिली नाही. डोळ्यांत पाणी होतं. मी उठून टीव्ही बंद केला आणि पेनड्राईव्ह पर्समध्ये टाकला. पाहुणे नाराज झाले. होऊ देत.

त्यानंतर घर पुन्हा चिडीचूप झालं. मला फार वाईट वाटायचं आणि ते वाईट वाटणंही स्वार्थीच होतं. बाबा टीव्हीतली पाखरं हाकलत होते, बोलत नव्हते. मला त्यांनी माझ्याशी बोलायला हवं होतं. नावानं नाही तर नाही, "वं" म्हणून तरी. पण ते होणार नाही, असं मी हळूहळू मनाशी मान्य करू लागले.

फेब्रुवारी सरता सरता हरभरा सोंगून झाला, कापलेल्या पिकाचा ढीग लागला. बाबांना शेत दाखवायचं असं भावानं ठरवलं. ट्रॅक्टरवर गादी टाकून त्यांना नेलं, धुऱ्यावरच्या बाभळीखाली खुर्ची मांडून बसवलं आणि तो मळणीयंत्र आणायला गेला. मी बाबांच्या खांद्यावर शाल घातली, पाण्याची बाटली खुर्चीशी ठेवली. ते शेताकडे पाहत राहिले. बराच वेळ झाला. ऊन चढलं तशी सावली सरकली, पण ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण आभाळातून करकोचे उतरत होते.

करकोचे मला कधीच मिळाले नव्हते. दरवर्षी कुणीतरी सांगायचं, अमुक शिवारात बसले होते, आणि मी पोचेपर्यंत रान मोकळं असायचं. आता ते आमच्याच शेतात, सोंगलेल्या हरभऱ्यात उतरले होते, राखाडी, उंच, सांडलेले घाटे टिपत. काखेत कळसा आणि मी जिल्हाभर वळसा घालत होते. मी कॅमेरा घेऊन तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या ढिगाआड रांगत गेले. एक करकोचा पंख पसरून दुसऱ्याभोवती उड्या मारू लागला. चित्रण सुरू झालं. एवढ्यात मागून हाक आली.

"हाऽऽऽ होऽऽऽ!"

सगळे करकोचे उठले आणि आवाज करत पूर्वेकडे निघून गेले. खोटं कशाला सांगू, मला रागच आला. मी उठून मागे वळले. शेतात आता राखण्यासारखं काही नव्हतं. पीक निघून ढीग लागला होता, ताडपत्री टाकून झाकला होता. आणि बाबा वर पाखरांकडे पाहतही नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. ऊन थेट तोंडावर आलं होतं, शाल सरकली होती, आणि पाण्याची बाटली मी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली होती, जो हात उचलतच नाही.

कॅमेरा तिथेच टाकून मी ढेकळांतून धावत सुटले. खुर्ची सावलीत ओढली. बाटली त्यांच्या तोंडाला लावली. ते दोन घोट प्यायले, हनुवटीवरून ओघळलेलं मी पदरानं पुसलं. मग त्यांनी पुन्हा हाक दिली. या वेळी अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. मी तर त्यांच्या गुडघ्याशीच बसले होते.

मी म्हटलं, "हाव बाबा. इथंच आहो मी."