हॉर्स हार्टची बाटली

"बापू, बाटली उघडली का?" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"नही मॅडम. आते गूळना पानीमा घोळस."

"घोळू नका! मी येते."

मी शहाद्याच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. प्रॅक्टिकलसाठी मागवलेला खोका उघडला, तर आत घोडीचं औषध. आमचे सप्लायर पारसशेठ लॅबची केमिकल्सही विकतात आणि जनावरांची औषधंही. दोन्हींना फ्रीज एकच.

शेठना फोन लावला, तर तेच माझ्यावर वैतागले. "मॅडम, लेबलवर हॉर्स हार्ट लिहिलंय. सारंगखेड्याच्या बापूंच्या घोडीचं हार्ट कमजोर. मग कुठे पाठवणार?"

बापूंकडे गेलेल्या माझ्या बाटलीत होतं सायटोक्रोम सी. ते घोड्याच्या हृदयासाठी नसतं, हृदयातून काढलेलं असतं. हे एक छोटंसं लाल प्रोटीन. पेशीत मायटोकाँड्रिया असतात, तिथे अन्नाची ऊर्जा होते. या कामात हे प्रोटीन हमाली करतं. एका ठिकाणी इलेक्ट्रॉन उचलायचा, पुढच्या ठिकाणी उतरवायचा. हमाल थांबला, की छातीभर श्वास घेऊनही उपयोग नाही. लॅबमध्ये ते लाडकं आहे रंगामुळे. इलेक्ट्रॉन मिळाला की तपकिरी लाल द्रावण गुलाबी होतं. जे पुस्तकात वाचायचं, ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.

खोका घेऊन सारंगखेडा गाठलं. तिथल्या घोड्यांच्या यात्रेचे मांडव उभे राहत होते. बापूंची राणी मात्र मान खाली घालून गोठ्यात उभी होती, पुढ्यातला चारा तसाच. आधी तिला तिचं औषध दिलं. मग मी बाटली मागितली, तर बापूंची मूठ सुटेना.

"पन याच्यावर ते घोडानं काळीज लिखेल शे ना?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही जमलं. "बापू, हे घोड्याच्या काळजातूनच काढलंय."

बापू राणीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. इतकी वर्षं मी हे लेबल वाचते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यातला घोडा दिसला.

"हे राणीतही आहे," मी म्हटलं. "त्याच्यावरच तिचा श्वास चाललाय. तुमच्यात आहे, माझ्यात आहे. सगळ्यांत जवळजवळ सारखंच."

"मन्हामा बी? घोडानासारखंच?"

"जवळजवळ."

बापूंनी जरा विचार केला. "तरीच मन्ही बायको म्हनस, हाऊ मानूस आर्धा घोडाच शे." आणि बाटली धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. देवघरातली वस्तू द्यावी तशी.

प्रॅक्टिकल झालं. चिमूटभर व्हिटॅमिन सी टाकलं आणि द्रावण गुलाबी झालं. मुलांनी जल्लोष केला. मग मी त्यांना राणीची गोष्ट सांगितली, तेव्हा उरलेले थेंब बेसिनमध्ये ओतायला कुणी पुढे होईना.

यात्रेत राणी दिसली. विकायला नव्हती, बापूंनी नुसती मिरवायला आणली होती. कडबा खात होती.

लेबल वाचणारा आधी आपल्या घरची काळजी वाचतो, एवढं मी शिकले. पुढची ऑर्डर यीस्टपासून काढलेल्या सायटोक्रोमची दिली. माल आला आणि पारसशेठांचा फोन वाजला.

"मॅडम, यीस्टचं आलंय. तुमच्याकडे पाठवू, का बेकरीवाल्याला देऊ?"