नातेवाइकांच्या मेंढ्या

कालिपा इसाकोवा किर्गिझस्तानातल्या नारिनच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. नद्यांचे उगम, खडकांचे प्रकार आणि हवामानाचे पट्टे शिकवता शिकवता तिची पंचेचाळिशी उलटली, आणि मग एके दिवशी तिला कळलं की आपण स्थानिक भागीदार आहोत. तोवर ती नुसती स्थानिक होती.

ही बढती तिला युरोपातून मिळाली. तीन देशांतली विद्यापीठं, बिश्केकची एक संस्था आणि पैसे पुरवणारा एक निधी यांनी मिळून डोंगरी कुरणांवर एक प्रकल्प काढला होता. उपग्रहावरून गवत मोजायचं, गावोगाव फिरून टॅब्लेटवर जनावरं नोंदवायची, आणि दोन्हींचा मेळ घालून कुठलं कुरण किती जनावरं पोसू शकेल ते संगणकाला विचारायचं. प्रकल्पाच्या नावात 'शाश्वत' दोनदा होतं आणि 'डिजिटल' एकदा. सहभागी संशोधकांत कालिपाचं नाव शेवटून दुसरं होतं. शेवटचं नाव बिश्केकच्या संचालकांच्या भाच्याचं, पण तो कामाला कधी आला नाही, म्हणून त्याच्याबद्दल तक्रारही नव्हती.

तिला निवडलं कारण ओर्तो-साय हे तिचं आजोळ. आई लवकर गेली, तेव्हापासून ती बेकनाझार मामांच्या घरी वाढली. मामा मेंढपाळ. उन्हाळा लागला की सगळं गाव जनावरं घेऊन सारी-बुलाकच्या कुरणावर चढायचं आणि थंडीची चाहूल लागली की उतरायचं. वर्षाचे उरलेले महिने गाव वरच्या दिवसांबद्दल बोलण्यात घालवायचं. मामांकडे दुसरी इस्टेट नव्हती. कळप होता, आणि कळप त्या कुरणावर उभा होता.

प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर लुट्झ पहिल्या उन्हाळ्यात स्वतः वर आले. उंच, सोशिक माणूस. मांडी घालून बसायला शिकून आलेला. घोडीचं आंबवलेलं दूध त्याने चेहरा वाकडा न करता प्यायलं आणि वर आणखी मागितलं. हा माणूस वाईट असता तर फार सोपं झालं असतं, असं कालिपाला पुढे बऱ्याचदा वाटलं.

त्या खोऱ्यात माणसं भेटली की आधी विचारतात, जनावरं-माणसं खुशाल ना? खुशाल, एवढं उत्तर पुरतं. किती, असं कुणी विचारत नाही. आपली जनावरं तोंडाने मोजणं म्हणजे नजरेला आवतण देणं, आणि दुसऱ्याची मोजणं त्याहून वाईट. संध्याकाळी कळप आत शिरला की कोण मागे राहिलं ते मेंढपाळाला चेहऱ्यावरून कळतं, पण आकडा ओठावर येत नाही. आलाच तर तो खोटा असतो. तो खोटा आहे हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून तिथे त्याला खोटं म्हणायची पद्धत नाही. टॅब्लेटमध्ये मात्र आकड्यासाठी रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे.

डॉक्टरांनी विचारलं, कालिपाने ते किर्गिझमध्ये सांगितलं. मामांनी सगळ्यांच्या वाट्यांत चहा ओतून झाल्यावर उत्तर दिलं.

"आहेत की. अल्लाच्या मेहेरबानीने चाळीसेक असतील."

समोरच्या उतारावर तेव्हा दीडशेच्या वर मेंढ्या चरत होत्या. डॉक्टरांनी तिकडे नजर टाकली आणि त्या कुणाच्या, असं विचारलं.

"नातेवाइकांच्या," मामा म्हणाले.

पलीकडच्या तंबूत तुर्सुनाय मावशी. तिच्या तीस. तंबूमागच्या? त्या नातेवाइकांच्या. दिवस मावळेपर्यंत कुरणावरचा बहुतेक सगळा माल नातेवाइकांचा निघाला, आणि नातेवाइकांसाठी टॅब्लेटमध्ये रकाना नव्हता. उतरताना जीपमध्ये डॉक्टर म्हणाले की इथली कुटुंबव्यवस्था विलक्षण मजबूत दिसते. कालिपा म्हणाली, हो, आहे.

प्रत्येक घराच्या नोंदीखाली एक चौकोन होता: स्थानिक भागीदाराने पडताळले. कालिपाने घरामागून घर बोट टेकवलं. यात लबाडी नव्हती असं नाही, पण लबाडीपेक्षा लाज जास्त होती. पाहुण्यासमोर मामाला खोटं पाडणारी भाची त्या खोऱ्यात अजून जन्मायची होती. शिवाय तिने स्वतःची समजूत घातली की या लोकांना आकाशातून सगळं दिसतंच आहे. आकाशातून गवत दिसत होतं. मेंढी त्या मानाने फार लहान.

पुढच्या वर्षी बिश्केकच्या एका हॉटेलात निष्कर्ष मांडले गेले. सारी-बुलाकचं गवत मुळापर्यंत गेलेलं, आणि खाणारी तोंडं तर नावापुरती. संगणकाने सरळ हिशेब केला: खाणारं कुणी नसताना गवत नाही, म्हणजे ते उगवतच नाही. माती मेली. नकाशावर सारी-बुलाक लालभडक होतं, आणि शिफारस होती की ते दहा वर्षं बंद ठेवावं. सरकारी खात्यातून आलेल्या साहेबांना तो नकाशा आवडला, कारण त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

कालिपाने नकाशा पाहिला आणि चूक तिथल्या तिथे ओळखली. माती ठणठणीत होती, तोंडं जास्त होती. खऱ्या आकड्यावर संगणकाने फार तर अर्धं कुरण आळीपाळीने मोकळं ठेवा म्हटलं असतं. हा धडा ती दर वर्षी कॉलेजात शिकवायची.

ती तशीच ओर्तो-सायला गेली. मामा गोठ्यात पेंढा टाकत होते. खरा आकडा द्या, ती म्हणाली.

"दिला की तुझ्या पाहुण्याला."

"ते चाळीस. त्या चाळिसांपायी कुरण चाललंय, मामा."

"कमी सांगितल्या म्हणून कुरण काढून घेतात? कमी मेंढ्या कमी खाणार ना? काय शिकवता गं तुम्ही तिकडे?"

तिने समजावून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग पेंढा उचलायच्या दाताळ्यावर रेलून म्हणाले, "माझ्या आजोबांनी खरा सांगितला होता. असाच सरकारचा माणूस आला, पाहुणा म्हणून बसला, चहा प्याला. म्हातारा फुशारला, सांगून बसला. वसंतात कळप नेला, मागोमाग म्हाताऱ्यालाही नेलं."

"तो काळ गेला आता."

"हो. तेव्हा वही होती."

 मामा पुन्हा पेंढा टाकायला लागले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तुला दिसतात ना डोळ्यांनी? मग तू सांग. मी काही ऐकलं नाही."

यापेक्षा मोठी परवानगी त्या खोऱ्यात मिळत नाही. पण ती एकाच घराची होती. तुर्सुनाय मावशीने दारातच विचारलं, "आता भाची आम्हाला मोजणार होय?" आणि चहासाठी आत बोलावलं नाही. तिथे याचा अर्थ काय होतो ते कालिपाला कुणी सांगायची गरज नव्हती. बाकीच्या घरी ती गेलीच नाही.

डॉक्टर लुट्झ फोनच्या पडद्यावर आले तेव्हा तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी नोंदींची यादी उघडून पाहिली.

"पण तुम्ही तर पडताळलं होतं."

"हो. खोटं पडताळलं."

"फक्त तुमच्या मामांच्या गावात?"

"नातेवाईक सगळ्याच गावांत आहेत, डॉक्टर."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. लेख छापायला गेला होता. आणखी दोन देशांचं काम त्या आकड्यांवर उभं होतं, प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा अर्जही. एकटीच्या तोंडच्या सांगण्यावरून आकडे बदलता येत नाहीत, ते म्हणाले. कळपाच्या मालकांनी नवे आकडे सहीनिशी दिले तर सगळा हिशेब पुन्हा करीन, शब्द देतो. तो शब्द त्यांनी पाळला असता, यात कालिपाला शंका नव्हती. सह्या मिळणार नाहीत, यातही नव्हती. मग निदान जे करता येईल ते त्यांनी केलं. लेखाच्या शेवटी बारीक टायपात एक वाक्य घातलं: लोकांनी स्वतः दिलेल्या आकड्यांत सांस्कृतिक कारणांमुळे काही तफावत संभवते. वाक्य अगदी बरोबर होतं. खात्यात ते कुणी वाचलं नाही.

वसंतात हुकूम आला, पाठोपाठ तारेचं कुंपण, आणि खांबांवर कॅमेरे. शेजारच्या खोऱ्यातल्यांनी आपल्या कुरणावर येऊ दिलं नाही. त्यांच्याकडेही नातेवाइकांच्या मेंढ्या भरपूर होत्या. गावाने कळप बाजारात नेले. सगळे एकदमच आल्यामुळे व्यापाऱ्यांना घासाघीस करावी लागली नाही. तुर्सुनाय मावशीचे दोन्ही मुलगे रशियात बांधकामावर गेले. मामांनी जन्मात पहिल्यांदा उन्हाळा गावात काढला. सकाळी उठून ते घोड्यावर खोगीर चढवायचे, मग काय करावं ते न सुचून उतरवायचे. घोडा विकल्यावर तेही थांबलं. अन्न तुटलं, पाय सुजले, आणि थंडीच्या आत कालिपा त्यांना नारिनला आपल्या घरी घेऊन आली. तिसरा मजला. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. मामा तिथे खुर्ची टाकून बसत. फारसं बोलत नसत, आणि तिला बोल तर कधीच लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यांत प्रकल्पाचं बातमीपत्र आलं. सारी-बुलाकला पहिल्याच हंगामात गुडघाभर गवत आलं होतं. मेलेली माती अपेक्षेहून कितीतरी लवकर सावरली, असं त्यात म्हटलं होतं, आणि हे आंतरराष्ट्रीय सहकार्याचं यश म्हणून पहिल्या पानावर होतं. डॉक्टर लुट्झनी वेगळं पत्र लिहून तिचं मनापासून अभिनंदन केलं. दुसऱ्या टप्प्यात तिचं नाव बरंच वर गेलं होतं. माती कधी मेलीच नव्हती, असं तिने उत्तरात लिहिलं, आणि हेही तिने पडताळलं असल्याचं खाली जोडलं. त्यावर उत्तर आलं नाही.

कॅमेऱ्याने टिपलेला गवताचा फोटो तिने फोनवर मोठा करून मामांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. बोटाने काच पुसली. ओढा कुठे, खडक कुठे, सगळं त्यांनी शोधून काढलं. गवत पिवळं पडून एका बाजूला कललं होतं.

"जून झालं," मामा म्हणाले. "आता कोण तोंड लावणार याला."

आणि फोन तिला परत दिला.