पाटी दर सोमवारी फिरते

आमच्या ऑफिसात दाराशी छत्र्यांचा एक स्टँड आहे. पाऊस थांबला की लोक छत्री विसरून जातात. मग ती कुणाची हे कुणाला आठवत नाही, म्हणून ती टाकूनही देता येत नाही. माझे किस्से तसेच साठलेत. टोकियोत ओजिमाला राहणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये दर भेटीला एकदोन काढते, तरी स्टँड भरलेलाच! तर आज सगळेच काढते.

आधी ऑफिस सांगते. दोन छोटे देश आहेत, एकमेकांना अगदी चिकटून. इतके छोटे की नकाशावर त्यांची नावं आत मावत नाहीत, बाहेर समुद्रात लिहून बाण काढतात. नावं मी सांगणार नाही, कारण कुणाचं आधी घेतलं यावरून पुन्हा सुरू होईल. एक डोंगराळ, दुसऱ्याला बंदर, म्हणून आपण डोंगरवाले आणि बंदरवाले म्हणू. दोन्हीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांची एकेक संघटना. जपानमध्ये स्वतंत्र ऑफिस थाटणं कुणालाच झेपेना, म्हणून दोघांनी मिळून टोकियोत एक टेबल घेतलं. हो, टेबलच! इथल्या टेक कंपन्यांच्या एका मोठ्या संघटनेनं आपल्या ऑफिसातला एक कोपरा त्यांना वर्षभर वापरायला दिला. त्या टेबलाच्या एका बाजूला डोंगरवाल्यांचा लुका, दुसऱ्या बाजूला बंदरवाल्यांची इर्मा, आणि मध्ये कोऑर्डिनेटर म्हणून मी.

मी वैशाली. नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टमागोमाग पुण्याहून आले आणि कित्येक वर्षं नुसती 'नितीनची बायको' होते. या नोकरीनं मला स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. पहिल्या दिवशी ट्रेनमध्ये मी ते सारखं काढून बघत होते. इथल्या जिभेला 'व' जमत नाही आणि 'ल' तर नाहीच, त्यामुळे ऑफिसात मी बाइशारी-सान. चालेल! निदान नितीनची कुणी नाही! फक्त एक होतं. वर्ष संपल्यावर कोपरा पुढे मिळाला तर टेबल राहणार, नाहीतर टेबलाबरोबर माझी नोकरीही जाणार. हे जरा लक्षात ठेवा.

*

पहिलं भांडण झालं पाटीवरून. 'डोंगर-बंदर' लिहायचं की 'बंदर-डोंगर'? दोन्ही देशांतून मेलांचा पाऊस पडला. शेवटी मीच तोडगा काढला. दोन्ही बाजूंनी लिहिलेली पाटी करून घेतली, एकीकडे यांचं नाव आधी, दुसरीकडे त्यांचं. दर सोमवारी सकाळी मी ती फिरवायची. दोघंही खूश!

एकदा शुक्रवारी एक वयस्कर जपानी गृहस्थ आले. वाकून नमस्कार, कार्डांची देवाणघेवाण, सगळं झालं. तेच सोमवारी पुन्हा आले. पाटी वाचली, परत वाकले, परत मला कार्ड दिलं! मला काही कळेना. मीही मुकाट्यानं माझं दिलं. त्यांनी ते नीट वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "शुक्रवारी त्या दुसऱ्या संस्थेत ज्या होत्या, त्या आपल्या भगिनी का?"

*

या दोन देशांच्या भाषा जवळजवळ एकच आहेत. म्हणजे आपल्या पुण्याची आणि कोल्हापूरची मराठी धरा. पण तसं म्हणायची सोय नाही. म्हणून दोन्ही संघटनांच्या ऑनलाइन मीटिंगला रीतसर दुभाषी असतो!

एकदा लुकानं काहीतरी जोक केला आणि इर्मा खो-खो हसत सुटली. तिकडून तिच्या अध्यक्षांचा आवाज आला, "इर्मा, भाषांतर अजून व्हायचंय!"

बिचारी गप्प झाली. दुभाष्यानं घसा साफ करून तोच जोक, जवळजवळ त्याच शब्दांत, परत सांगितला. मग सगळे रीतसर हसले.

*

नागोयाच्या प्रदर्शनात आम्हाला दोघांत मिळून एक स्टॉल मिळाला. स्टॉल कसला, आपल्याकडच्या बाथरूमएवढी जागा. तरी लुका सकाळीच चिकटपट्टी घेऊन हजर! जमिनीवर मधोमध सरहद्द आखली. इर्मा म्हणाली, माझ्याकडे जागा कमी आली. त्यानं ती उपटली, परत चिकटवली. परत उपटली. असं करता करता पट्टीचं टोक स्टॉलच्या बाहेर पार पॅसेजमध्ये गेलं.

तेवढ्यात एक जपानी काका आले, पट्टी पाहिली आणि तिच्या कडेला सरळ उभे राहिले. त्यांच्यामागे एक मुलगी उभी राहिली. तिच्यामागे दोघं. जमिनीवर पट्टी म्हणजे रांग! आणि या देशात रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशासाठी ते नंतर बघतो. थोड्या वेळात रांग शेजारच्या मोटारपार्टवाल्यांच्या स्टॉलपुढून वळून लिफ्टपर्यंत पोचली. ते वैतागून बघायला आले आणि त्यातला एकजण रांगेतच उभा राहिला!

आमची पत्रकं संपली. लुका इर्माच्या बाजूची माहिती सांगायला लागला, इर्मा लुकाच्या. संध्याकाळी दोघं घामाघूम होऊन त्या पट्टीवरच बसले होते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी पट्टी नको ना आता?"

दोघं एकदम ओरडले, "जाड घे!"

*

आता किमुरा-सान. त्या मोठ्या संघटनेचे ॲडमिनचे प्रमुख, म्हणजे कोपऱ्याचे मालकच. माणूस सज्जन, पण शब्द चुकलेला अजिबात खपत नाही.

झालं असं, की आमची लेक ईरा एकदा शाळेला निघताना दारातून म्हणाली, "आई, मी जाते!"

मी ओरडले, "जाते नाही म्हणायचं! येते म्हण!"

"पण मी जातेय ना?"

"असू दे. येते म्हण."

"आई, मेंदोकुसाइ!" म्हणजे, कटकट आहे नुसती! मग बूट घालता घालता म्हणाली, "इत्ते किमास म्हणते. ते तेच आहे. जाऊन येते."

खरंच की! इतकी वर्षं रोज ऐकत होते आणि डोक्यात शिरलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी ऑफिसातून घरी निघताना मी जोरात म्हणून टाकलं, "इत्ते किमास!" त्याला ठरलेलं उत्तर आहे, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे जाऊन या. सगळ्यांनी सवयीनं ते दिलंही. पण किमुरा-सान खुर्चीतून उठून माझ्यापाशी आले.

"बाइशारी-सान, 'इत्ते किमास' परत येणारा माणूस म्हणतो. बाहेर कामाला जाताना. घरी जाताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास' म्हणायचं. मी आधी निघतोय, माफ करा."

"पण किमुरा-सान, मी उद्या परत येणारच आहे!"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "ते खरं आहे," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

*

वर्ष संपत आलं तसे दोन्ही संघटनांचे अध्यक्ष कोपरा मागायला स्वतः टोकियोला आले. एकाच विमानानं! अध्यक्षांनी भाषणं केली, पत्रकं दाखवली, नागोयाच्या रांगेचे फोटो दाखवले. किमुरा-साननी डोळे मिटले, अडचण आली की इथे ओढतात तशी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "माएमुकि नि केन्तो शिमास." म्हणजे, सकारात्मक विचार करतो.

जपानीच्या दुभाष्यानं सांगताच अध्यक्षांनी एकमेकांना मिठी मारली. लुकानं इर्माला उचललं. मी एकटीच खुर्चीत बसून.

"वैशाली, अगं, सकारात्मक म्हणाले ना!" इर्मा म्हणाली.

काय सांगू त्यांना? पुण्यात माझे मामा प्रत्येक आमंत्रणाला "बघू, जमवतो" म्हणतात. आजवर एकाही कार्याला त्यांना कुणी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "ते 'बघू' म्हणालेत."

"म्हणजे होईल?"

"म्हणजे कुठल्या हॉलला आहे, तेसुद्धा त्यांनी विचारलेलं नाही."

कुणाला काही कळलं नाही. आठवड्याभरात अत्यंत नम्र मेल आली. कोपऱ्यात नवा प्रिंटर येणार होता.

*

शेवटचा दिवस शुक्रवार. खोकी भरून झाली. राहिली पाटी. म्हटलं, आता हिच्यावरून युद्ध होणार. पण लुका म्हणाला, "इर्मा, तू ने." इर्मा म्हणाली, "नको, तू ने." तो म्हणाला, "तुमचं नाव आधी असलेली बाजू मला जास्त आवडते." आणि ती रडायला लागली! मग मीही. या दोघांनी वर्षभर माझं डोकं खाल्लं होतं, आणि आता यांच्याशिवाय घरी बसायचं या विचारानं माझा जीव कासावीस झाला. या गडबडीत पाटी टेबलावरच राहिली.

निरोपाचं जपानी वाक्य मी आदल्या दिवशी ईराकडून घोकून घेतलं होतं. लांबलचक, 'इतके दिवस सांभाळून घेतलंत' वगैरे. दारात उभी राहिले, वाकले, आणि पाठ केलेलं सगळं साफ गेलं. तोंडातून निघालं,

"इत्ते किमास!"

"इत्तेराश्शाइ!" अख्खं ऑफिस म्हणालं. निम्म्यांनी मान वर न करता. किमुरा-सानसुद्धा.

लिफ्टमध्ये मी डोक्याला हात लावला. शेवटच्या दिवशीसुद्धा चुकलं! लुका आणि इर्मा इतके हसले की त्यांना खोकी खाली ठेवावी लागली.

सोमवारी सकाळी ईराला शाळेत धाडलं, नितीन ऑफिसला गेला, आणि मी पुन्हा 'नितीनची बायको' होऊन कचऱ्याची वर्गवारी करत बसले होते. बाटली एकीकडे, झाकण दुसरीकडे. फोन वाजला. किमुरा-सान.

"बाइशारी-सान, शुक्रवारी आपण 'इत्ते किमास' म्हणून गेलात."

मी जागच्या जागी वाकले. फोनवर! "माफ करा, चूक झाली. मला म्हणायचं होतं..."

"अजून परत आला नाहीत."

पलीकडे दातांतून हवा ओढल्याचा आवाज आला.

"प्रिंटर जिन्यापाशी ठेवलाय," किमुरा-सान म्हणाले. "आणि आज सोमवार आहे. ती पाटी कुणी फिरवायची?"