रांगेतल्या शेवटच्या दोन बरण्या

मधुरिमा हिवाळे नगरहून इंदूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला निघाली, तेव्हा चर्चचे पाळक असलेल्या तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "तेही शिकवावं लागेल का?"

"लागेल, पप्पा."

त्यानंतर बापलेकीत तो विषय निघाला नाही.

विजय नगरच्या फ्लॅटमधून ती आठवडाभर कॉलेजला जाई आणि रविवारी उपासनेला. चिडवणारे दोन्हीकडे होते. माकडापासून माणूस शिकवते म्हणून चर्चमधल्या बायका तिला लाडाने 'बंदरवाली टीचर' म्हणत. वर्गात यशवर्धन नावाचा आगाऊ मुलगा हात वर करी.

"मॅडम, तुम्ही तर चर्चवाल्या. मग आदम सच्चा की डार्विन?"

"पेपरात डार्विन लिही भिया, नाहीतर परत इथेच बसशील. आदमचं रविवारी सांगते."

वर्ग हसे. तीही हसे. दोन गोष्टी तिने दोन खोल्यांत ठेवल्या होत्या आणि मधलं दार लावून घेतलं होतं.

मागच्या वर्षी गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात तिचं बाळ गेलं. शुद्धीवर आल्यावर तिने नर्सला विचारलं, "कुठे आहे?" नर्सची नजर कोपऱ्यातल्या पिवळ्या पिशवीकडे गेली आणि लगेच परत आली. थोड्या वेळाने कुणीतरी ती पिशवी उचलून नेली. तिचा नवरा परेश, सांवेर रोडवरच्या कारखान्यात इंजिनिअर, तिचा हात धरून म्हणाला, "जे अजून झालंच नव्हतं, त्याचं काय पुरायचं, मधू?" तो वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

प्रयोगशाळेच्या कपाटात गर्भांची रांग होती: मासा, कासव, कोंबडी, डुक्कर, माणूस. बरण्या इतक्या जुन्या की कुणी आणल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. करंगळीच्या नखाएवढे, वाकून बसलेले जीव. प्रत्येकाला शेपटी, प्रत्येकाच्या मानेशी त्याच खाचा. "बघा, सुरुवातीला आपण किती सारखे असतो," हे वाक्य ती कित्येक वर्षं म्हणत आली होती. आता ते म्हणताना वाटे, पाठीमागे कुणीतरी कान देऊन ऐकतंय. दार उघडलं की शेवटच्या बरणीतला जीव सावकाश वळे आणि त्याच्या डोळ्याचा काळा ठिपका तिच्यावर येऊन थांबे. दाराच्या हादऱ्याने पाणी हलतं, हे तिला कळत होतं. ती दार हळू उघडू लागली. तरी तो वळे.

डिसेंबरात तपासणीचं पथक यायचं होतं. लॅब सांभाळणाऱ्या यतीनने कपाट धुऊन चकाचक केलं. दुपारी ती आत आली, तर शेवटच्या दोन बरण्यांवर चिठ्ठ्याच नव्हत्या.

"ओल्या फडक्याने निघाल्या, मॅडम. टेन्शन मत लो, बरण्या अंदाजाने ठेवून दिल्यात."

"यातला माणूस कुठला?"

यतीन वाकला. "हा... नाही, हा. अरे, दोन्ही तर सेम टू सेम!" मग आवाज उतरवून म्हणाला, "हेडसाहेब बोलले, बिनाचिठ्ठीचं काही ठेवायचं नाही. उद्या हॉस्पिटलच्या कचऱ्याची गाडी येते. पिवळी पिशवी देऊन गेलेत."

ती पिशवी टेबलावर घडी करून ठेवलेली होती.

तिने पास्टर दिनानाथांना फोन लावला. कबरस्तानात लहान मुलांचा एक कोपरा होता, तिथे वीतभर जागा मागितली.

"किसका है, बेटी?"

"माहीत नाही. माणसाचं आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "शाम को ले आओ."

आता फक्त ओळखायचं राहिलं होतं. उपाय सोपा होता. या वयात डुकराचं मूत्रपिंड पोटभर पसरलेलं असतं, माणसाचं लहान. पोट उघडलं की काम झालं. तिने पहिला जीव बशीत घेतला, भिंगाखाली धरला, पातं उचललं. भिंगात तो डोळा केवढा तरी मोठा झाला. छातीशी हाताचा नुसता कोंब, काहीतरी मुठीत धरल्यासारखा. तिने पातं खाली ठेवलं. दुसरा जीव घेतला. तोच डोळा. तोच कोंब.

दिवस कलताना ती कबरस्तानात पोचली. दिनानाथांनी खड्डा खणून ठेवला होता. तिने पर्समधून रुमालाच्या दोन पुरचुंड्या काढल्या, सुपारीएवढ्या.

"दो?"

"एक डुकराचं आहे."

ते एक पाऊल मागे सरले. "तो उसको बाहर रखो, बेटी. ये पाक जमीन है."

"कुठलं बाहेर ठेवू? तुम्ही सांगा, पास्टरजी."

त्यांनी चष्मा पुसला. दोन्ही पुरचुंड्या उघडून तळहातांवर घेतल्या, उरलेल्या उजेडाकडे धरल्या. एकदा हा, एकदा तो. मग त्यांनी घाईने गाठी मारल्या.

"प्रभु को तो पता होगा," ते म्हणाले, पण विचारल्यासारखं.

मधुरिमाच्या मनात पहिल्यांदाच आलं, की तोही वरून असाच वाकून बघत असेल, आणि त्यालाही दोघं सारखेच दिसत असतील. हे भयंकर होतं की दिलासा, ते तिला कळेना.

पुरचुंड्या खड्ड्यात शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. दिनानाथांनी सवयीने विचारलं, "नाम?"

तिने एक नाव सांगितलं. ते तिने परेशलाही कधी सांगितलं नव्हतं.

ते थांबले. "और दूसरे का?"

दुसरं नाव तिने कधी शोधलंच नव्हतं.

"दोघांचं तेच," ती म्हणाली.

दिनानाथांनी डोळे मिटले. त्यांनी ते नाव घेतलं, जरा थांबले आणि पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता, खालून कुणी ओ देईल की काय, अशा भीतीने.