चाक कुणाकडे फिरवायचं

माझा मामा शिलाई मशिनी दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली या धंद्यात, पण ‘हिच्यात आता काही राम नाही’ असं एकाही मशीनबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. माणसांच्या बाबतीत मात्र तो इतका उदार नाही. मशीन आपणहून बिघडत नाही, कुणीतरी ती बिघडवतं, असं त्याचं ठाम मत आहे, आणि ते तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. गिऱ्हाईक मशीन ठेवून निघालं की मामा त्याला परत बोलावतो. “बसा. शिवून दाखवा.” गिऱ्हाईक शिवायला बसतं आणि मामा टेबलापलीकडे, मशीनच्या मागच्या अंगाला, हनुवटी जवळजवळ लोखंडाला टेकवून बसतो. दोन हात कापड शिवून होईपर्यंत चकार शब्द काढत नाही. मग म्हणतो, “तुम्ही कापड ओढता.” किंवा, “सुई शेवटची कधी बदलली होती, आठवतंय का?” आतून मामी ओरडते, “अहो, मशीन बघा, लोकांची परीक्षा काय घेताय!” मामाला ऐकू येत नाही, किंवा येऊनही येत नाही.

तेच तेच फोनवर दहा जणांना सांगून त्याचा घसा बसायचा, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी त्याला ब्लॉग काढून दिला. मी त्याची सख्खी भाची, शेजारच्याच गल्लीत राहते, आणि माझ्या नाकावर कायम राग असतो असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. मामा एका बोटाने टाइप करतो आणि बोलतो तसंच लिहितो. एका लेखात मधेच ‘थांबा, चहा आला’ असं होतं आणि पुढची ओळ ‘हं, तर बॉबिन’ अशी. मी म्हटलं, हे काढून टाक. तो म्हणाला, “का? वाचणाऱ्यानेही तेवढ्यात चहा घ्यावा.”

या चहाच्याच लेखात त्याने एक चूक केली. लेख होता मशीनखाली धागा गुंतला तर काय करावं याचा. त्यात त्याने लिहिलं, ‘चाक हळूच पलीकडे फिरवा.’ आता चाक फिरवायचं असतं शिवणाऱ्याच्या स्वतःकडे. पण मामा आयुष्यभर समोरच्या खुर्चीत बसलेला. त्याच्या दृष्टीने शिवणारा पलीकडे, म्हणून चाकही पलीकडे. दोन दिवसांनी एका वाचकाने कळवलं की तुम्ही सांगितलं तसं केलं आणि धागा आणखीच गुंतला. मामा आख्खी दुपार चक्रावून गेला होता. शेवटी उठून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला, चाकाला हात घातला आणि कपाळावर हात मारला. लेखात ‘पलीकडे’च्या जागी ‘स्वतःकडे’ केलं, वाचकाचे आभार मानले आणि गप्प बसला. मामीलासुद्धा बोलला नाही.

गेल्या वर्षी एक बाई तणतणत दुकानात आल्या. शाळेच्या गणवेशांचं काम हातात, साठ गणवेश आठ दिवसांत द्यायचे, आणि मशीन ठप्प. धागा गुंतला म्हणून त्यांनी चाक पलीकडे फिरवलं, ते अडकलं, म्हणून आणखी जोर लावला. सुई मोडली आणि खालचा धागा पकडणाऱ्या शटलच्या टोकाला खाच पडली.

“मनाने नाही केलं काही,” त्या म्हणाल्या. “नेटवर तज्ज्ञांनी लिहिलंय तसंच केलं. हे बघा!”

मामाने चष्मा लावून त्यांचा फोन हातात घेतला. मी शेजारीच होते. वाचता वाचता तो आधी हसला, कारण ‘थांबा, चहा आला’ जसंच्या तसं तिथे होतं. मग चाकाची ओळ आली आणि त्याचा चेहरा उतरला. कुठल्याशा वेबसाइटने पहिल्या दोन दिवसांतच मामाच्या ब्लॉगवरून लेख उचलला होता, चुकीसकट.

“बाई, ही चूक माझी आहे,” मामा म्हणाला.

“तुमची कशी? तज्ज्ञांची आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांना समजावता समजावता पंधरा मिनिटं गेली. त्यांचं काम अडू नये म्हणून मामाने घरातली मामीची मशीन त्यांना दिली. मामीच्या पडद्यांचं काम अर्धवट राहिलं, त्याबद्दल ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामाने शटलचं टोक बारीक दगडावर घासून गुळगुळीत केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन स्वतः त्यांच्या घरी पोचवली. गणवेश वेळेत गेले, पण मामाला चैन पडेना. आणखी किती जणांनी ते चाक उलटं फिरवलं असेल, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

माझ्या डोक्यात वेगळंच. मी ती वेबसाइट उघडून बसले. एक नाही, दोन नाही, मामाचे एकेचाळीस लेख! आयत्या बिळावर नागोबा! वर ‘आमच्या तज्ज्ञांच्या चमूकडून’ अशी पाटी. एका लेखात ‘हा ब्लॉग मला भाचीने काढून दिला’ हे वाक्यही तसंच. म्हणजे मी आता आख्ख्या चमूची भाची झाले होते.

“सगळे लेख काढायला लावते,” मी म्हटलं.

“लेख राहू देत गं. फक्त चाकाचं तेवढं बदला म्हणावं.”

त्याने स्वतः पत्र लिहिलं, अगदी अदबीने. उत्तर नाही. मग मी लिहिलं, अदब बाजूला ठेवून. चार दिवसांनी उत्तर आलं: लेख तुमचे असल्याचा पुरावा द्या, आमच्या लेखांच्या तारखा तुमच्या आधीच्या आहेत, आणि तुमच्या ब्लॉगवर तर लेखकाचं नावसुद्धा नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. तारखा अर्थातच खोट्या टाकल्या होत्या. पण नावाचं खरं होतं. मामाने कधी नाव घातलंच नव्हतं. दुरुस्त करणाऱ्याचं नाव मशीनवर कुठे असतं, असं त्याचं म्हणणं.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती वेबसाइट चालते, तिच्याकडे तक्रार करता येते असं कळलं. फॉर्म भरायला बसलो आणि पुराव्यापाशी अडलो. मी फोटोंवरून बोट फिरवत होते आणि एकाएकी थांबले. एकेचाळीस लेख, दीडशेच्या वर फोटो, आणि प्रत्येक फोटोत मशीन मागून दिसत होती!

“मामा, तू सगळे फोटो मागूनच काढलेस?”

“मागून कुठे? समोरून काढलेत,” मामा म्हणाला.

मी टेबलाचा फोटो काढला, दोन खुर्च्यांचा, पलीकडे बसलेल्या मामाचा. फॉर्ममध्ये लिहिलं, मशीनच्या पाठीकडे बसून काम करणारा माणूसच असे फोटो काढेल आणि तोच ही चूक करेल. त्या वाचकाचं तारखेनिशी आलेलं पत्रही जोडलं. मामा म्हणाला, “माझी चूकच माझ्या उपयोगी पडली म्हणायची.”

अकराव्या दिवशी सगळे लेख तिथून गेले. मी नाचतच दुकानात शिरले. मामीने पेढ्याऐवजी साखरेचा डबा पुढे केला. मामा मात्र हातातला स्क्रू फिरवत राहिला.

“ज्यांनी आधीच वाचून ठेवलंय, त्यांचं काय?” तो म्हणाला. “मी तेव्हा गुपचूप दुरुस्त केलं. लाज वाटली मला. तेव्हाच उघड सांगितलं असतं तर त्या बाईंची सुई मोडली नसती.”

त्या लबाडांऐवजी हा स्वतःवरच खटला चालवत होता! रागही आला आणि भरूनही आलं.

त्या आठवड्यात त्याने नवा लेख लिहिला. नाव दिलं, ‘माझी चूक’. कुठल्या खुर्चीत बसून ती झाली, कुणाचं नुकसान झालं, सगळं सांगितलं. चाक स्वतःकडेच फिरवा, दुसरं काही कुठेही वाचलं असलं तर ते मूळ माझं आहे आणि ते चुकीचं आहे, असं लिहिलं. आणि खाली स्वतःचं नाव घातलं, वडिलांचं नाव आणि आडनाव धरून.

“इतके चांगले लेख लिहिलेत, तिथे नाही घातलं नाव,” मामी म्हणाली, “आणि नेमकं इथे घालताय?”

“चुकीला मालक लागतो,” मामा म्हणाला. “नाहीतर लोक जाब कुणाला विचारणार?”

महिन्याभराने मी सहज शोध घेतला, तर ‘माझी चूक’ तीन वेगळ्या वेबसाइटवर सापडला. परवानगी नाही, विचारणं नाही. उचलणाऱ्यांनी वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. पहिल्या शब्दापासून शेवटच्या नावापर्यंत सगळं जसंच्या तसं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तक्रारीचा फॉर्म उघडूनच मी मामाकडे गेले.

त्याने तिन्ही पानं सावकाश वाचली. चाकाच्या ओळीवर प्रत्येक वेळी बोट ठेवलं. “स्वतःकडे. बरोबर आहे,” तो म्हणाला. मग पानाच्या तळाशी पोचला आणि तिथेच थांबला.

“अगं, इकडे ये,” त्याने मामीला हाक मारली. “बघ, तिन्हीकडे आहे.”

मामी हात पुसत आली आणि तिने ते पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. मामाने पुन्हा वाचायला लावलं. त्याला झालेला आनंद लपवायचा त्याने जराही प्रयत्न केला नाही. मी फॉर्म बंद केला.