मऊ करून वाचलेला कागद

"डोळे मिटून सांगतो हा, कुठल्या नळाची बिअर आहे ते," शेजारच्या टेबलावरचा माणूस मित्राला म्हणाला. "लाव पैज."

त्यांनी तीन छोटे ग्लास रांगेत ठेवले होते. काळा एप्रन बांधलेला बारचा कॅप्टन हसला, डोळे मिटले, पहिल्या ग्लासातला घोट त्याने जिभेवर फिरवला. "अकरा नंबर. गव्हाची." दुसऱ्या ग्लासाला म्हणाला, "सव्वीस. कालच लागलीय, अजून कच्ची आहे." तिसऱ्याला त्याने दोन घोट घेतले आणि तीही बरोबर ओळखली. टेबलावर टाळ्या पडल्या.

मी कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून त्याचे घोट मोजत होते. मी आल्यापासून नऊ झाले होते. तो कॅप्टन माझा सख्खा भाऊ.

मी त्याला एक गोष्ट सांगायला आले होते. दिवाळीत त्याच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मी घरी वाचून दाखवला होता, आणि तो खोटा वाचला होता. आता मार्च लागला होता.

आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. दादा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, मग तालुक्याला दहावीपर्यंत. मला मात्र रोज व्हॅनने शहापूरला पाठवलं. तेव्हापासून घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येई. बँकेचं पत्र, खताच्या पिशवीवरची सूचना, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. मी वाचायला घेतलं की सगळे गप्प बसत. एरवी माझं बोलणं कोणाच्या कानावर पडत नसे, कारण मी फारसं बोलतच नसे.

आणि मी कागद मऊ करून वाचत आले. याची सुरुवात माझ्याच प्रगतिपुस्तकापासून झाली. बाईंनी लिहिलं होतं की मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, प्रश्न विचारला तरी उत्तर देत नाही. मी वाचलं, "शांत आहे, शिस्तीची आहे." आईने ते शेजारी जाऊन सांगितलं. मग मला सवयच लागली. बँकेने दटावलेलं असलं तर "विनंती केली आहे" असं मी वाचायची. कोणाचं काही बिघडलं नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी आई ओट्यावर नवे तांदूळ पाखडत होती. दादा सुट्टीला आला होता, त्याचे डोळे पिवळे दिसत होते म्हणून बाबांनी त्याला कल्याणला नेऊन पोटाचा फोटो काढून आणला होता. डॉक्टरला दाखवायच्या आधी पाकीट माझ्या हातात आलं. पान एकच होतं. लिव्हर आक्रसलंय, पोटात पाणी धरलंय, ताबडतोब पुढच्या तपासण्या करा. शेवटी एक शब्द होता, सिऱ्होसिस, तो मला शाळेतल्या जीवशास्त्रामुळे माहीत होता. आईच्या सुपाचा आवाज थांबला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "लिव्हरला थोडी सूज आहे. पथ्य पाळायला सांगितलंय."

सूप परत सुरू झालं. आईने हळद बंद केली, तेल बंद केलं, उसाचा रस सुरू केला. डोळखांबच्या बाजूला एक म्हातारा काविळीची माळ देतो. ती डोक्यावर ठेवायची, आजार उतरेल तशी ती सैल होऊन खाली येते. दादाने ती घातली. सहाव्या दिवशी माळ खांद्यावर आली. आईने नारळ फोडला. "सूजच होती ना," दादा म्हणाला, "मग डॉक्टरकडं कशाला टाइम घालवू?" पाकीट ट्रंकेत गेलं आणि तो कामावर परतला.

मी उद्या सांगेन, मग परवा सांगेन असं ठरवत राहिले. फोनवर सांगावं तर आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर, आई शेजारी. पडघ्याच्या गोडाऊनमध्ये मी एंट्रीचं काम करते. तिथे जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर तो शब्द शोधला. जे वाचलं त्यात बरं होण्याचं काही नव्हतं. पिणं तिथल्या तिथे थांबवलं तर थोडी वर्षं मिळतात, एवढंच होतं. दादाचं पिणं म्हणजे त्याची नोकरी होती. त्याला ते पिणं वाटतही नव्हतं. तो त्याला चाखणं म्हणायचा.

म्हणून त्या रविवारी आईला ओव्हरटाइम सांगून मी मुंबईला आले.

गावात आम्ही सांगायचो की तो हॉटेलात आहे. असं हॉटेल मी कधी बघितलं नव्हतं. एका भिंतीला बत्तीस नळ, प्रत्येकाला लाकडी दांडा, वर फळ्यावर खडूने नावं. बाकीच्या बाटल्या काचेच्या कपाटांत, देशांप्रमाणे लावलेल्या. मेनू वहीएवढा जाड. भर दुपारी एकही टेबल रिकामं नव्हतं. मोठ्या पडद्यावर मॅच चालू होती आणि दर दोन मिनिटांनी सगळे एकदम ओरडत. मी मेनू पहिल्या पानापासून वाचत गेले, कारण वाचताना कोणी माझ्याशी बोलत नाही. प्रत्येक बिअरखाली दोन ओळी होत्या: संत्र्याच्या सालीचा वास, भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा, शेवटी मध. या ओळी आधी दादा चाखून सांगतो आणि मग कोणीतरी त्या इंग्रजीत लिहितं, हे त्याने मला एकदा अभिमानाने सांगितलं होतं. आपला माणूस एवढ्या गोष्टी जिभेने ओळखू शकतो, हे वाचताना मलाही बरं वाटलं. त्याचीच मला लाज वाटली.

तो माझ्याकडे आला तेव्हा पाय ओढत आला. पाय सुजल्याने बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या. मनगटं काटकुळी झाली होती आणि एप्रनखाली पोट पुढे आलं होतं. डोळ्यांचं काही कळेना, तिथले सगळेच दिवे पिवळे होते.

"काय गो, तू कशी काय? आई बरी ना?"

"बरी आहे."

"मग?"

"सहज."

"शहापूरवरनं सहज?" तो हसला आणि मागून जाणाऱ्या वेटरला म्हणाला, "ये मेरी बहन. इंग्लिश मीडियम. तुझ्या स्पेलिंगच्या सगळ्या चुका काढेल."

वेटर माझ्यापुढे लिंबू सरबत ठेवत म्हणाला, "दीदी, कॅप्टन को समझाओ. पी पी के मटका हो गया है."

"अरे, हे पोट म्हणजे आपल्या धंद्याची पाटी," दादाने पोटावर थाप मारली. "बारीक कॅप्टनच्या हातची बिअर कोण पिणार?"

दोघं हसले. ते पाणी आहे, चरबी नाही, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

"तू पथ्य पाळतोस ना?" मी विचारलं.

"पाळतो की. तळलेलं नाय, मटण नाय. आईला सांग, हळदसुद्धा नाय." मग त्याला एकदम आठवलं. "बरं झालं आलीस. तुला व्हॉट्सॲप करणारच होतो." त्याने एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पुण्याला नवीन ब्रांच निघतेय. तिथं पोरांना चाखायला शिकवायचं, दिवसभर तेच काम. मला नेतायत. उद्या फॉर्म द्यायचाय. वाच आणि थोडक्यात सांग, सही कुठं करायची ते."

मी कागद उलगडला. तो स्टूल ओढून शेजारी बसला, हातात पेन घेऊन. घरी बसायचा तसाच, मान जरा माझ्याकडे कललेली. मी सांगत गेले. पद, जागा, सुट्ट्या, राहायची सोय. प्रत्येक गोष्टीला तो "हां" म्हणत होता.

खालच्या भागात तब्येतीचा परिच्छेद होता. मला यकृताचा कोणताही आजार नाही आणि पूर्वी झालेला नाही, असं लिहून द्यायचं होतं. मी थांबले. सवयीने मऊ वाक्य आपोआप तयार झालं होतं: तब्येत ठीक आहे असं लिहून मागतायत. ते तसं खोटंही नव्हतं. तो सही करेल, पुण्याला जाईल, आईला पेढे पाठवेल. आणि न सांगता काय उरतं, सांगून तरी काय उरतं, याचा हिशोब मी इतक्या वेळा केला होता की दोन्हीकडचं उत्तर मला सारखंच येत होतं. नोकरी गेली तर गावात तो काय करणार होता. शेत बाबांनाच पुरत नव्हतं. त्याला वाचवेल असं मी काहीच घेऊन आले नव्हते.

पण ही सही तो मी वाचलेल्यावर विश्वास ठेवून करणार होता.

"पुढं?" त्याने पेनाचं टोपण काढलं.

मी बोलले, पण तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी आउट झालं आणि सगळा बार ओरडला.

"काय? मोठ्यानं बोल गो. हितं तुला कोण ओळखत नाय."

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी त्याला हाक मारत होतं, ग्लास वर करून. त्याने त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिला. ओरडा ओसरू लागला. मी फॉर्मची घडी घातली आणि त्यावर हात ठेवला.

"दादा, दिवाळीच्या रिपोर्टात सूज लिहिलेली नव्हती," मी म्हणाले. "तुझं लिव्हर गेलंय. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं वाचलं."