रावसाहेब टाकीबाहेर आले

वीटभट्टीवरचा थोरला भाऊ मनाने फार प्रेमळ. फक्त ते प्रेम त्याच्या हातापर्यंत कधी पोचलं नाही. गाढव अडलं की गाढवाला, साचा चिकटला की साच्याला, आणि दोन्ही सुरळीत चाललं असेल तर धाकट्या भावाला त्याचा तडाखा बसायचा. सगळे त्याला भडका म्हणत. त्याचा आवाज उतरायचा तो एकाच प्राण्यापुढे. भट्टीमागच्या सिमेंटच्या टाकीत एक कासव होतं. त्याला तो रावसाहेब म्हणे आणि अहो-जाहो करी. एवढा मान बायकोच्याही वाट्याला आला नव्हता.

रावसाहेबांकडे खातं एकच, पावसाचं. नुकत्याच पाडलेल्या कच्च्या विटा उन्हात मांडलेल्या असतात. त्यांवर एक सर आली की सगळ्याचा पुन्हा चिखल. म्हणून रावसाहेब पाण्यातून फळीवर चढून बाहेर आले की भडका विटांवर ताडपत्र्या ओढायला लावी. धाकट्याची श्रद्धा गाढवावर. पाऊस यायचा असला की ते कान पाडून भिंतीला चिकटतं, असं तो शपथेवर सांगे. मुंग्यांनी आणि कोंबड्यांनीही अधूनमधून साक्षी दिल्या होत्या. मान वर करून आभाळ बघणं मात्र दोघांनाही कमीपणाचं वाटे.

त्या आठवड्यात रावसाहेब रोज बाहेर येत होते आणि ऊन रोज मरणाचं पडत होतं. ताडपत्रीखाली विटा नुसत्या घामेजत होत्या. ओलसर वीट भट्टीत घातली की तडकते. धाकट्याने हे आधी समजावून सांगितलं, मग शिवी घालून सांगितलं. तेव्हा भडक्याने विटेचा लाकडी साचा उचलून त्याच्या तोंडावर हाणला.

दात पडला. धाकट्याने तो थुंकून टाकला, नीट बघितला आणि भडक्याच्या पोटात डोकं घातलं. दोघे कच्च्या विटांवर कोसळले. आठवडाभर पाऊस लागला असता तरी एवढी नासधूस झाली नसती. भडक्याने भावाचा कान दातांत धरला. धाकट्याने मूठभर चिखल त्याच्या डोळ्यांत चोळला. गाढव कान ताठ करून बघत होतं, म्हणजे हवामान उत्तम होतं.

कानावरचं रक्त पुसत धाकटा उठला, फावडं घेतलं आणि टाकीकडे धावला.

"दादा, आज तुझ्या रावसाहेबांचे दोन तुकडे करतो."

हा पोकळ दम नव्हता. कासव टाकीशेजारी मळलेल्या मातीच्या ढिगावर होतं. फावडं वर गेलं, आणि आंधळ्यासारखा धडपडत आलेला भडका कासवावर पालथा पडला. फावडं त्याच्या हातावर बसलं. दोन बोटांची हाडं मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

भडका ओरडला नाही. "मला मार," तो म्हणाला. "त्यांना नको."

धाकट्याने फावडं पुन्हा उचललं. तेवढ्यात वहिनी पोचली आणि तिने हातातली बादली त्याच्या पाठीत घातली. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या छातीखाली गेलं. कासवाने मागच्या पायांनी मातीत खड्डा केला होता, आणि त्यात पांढरी, लांबट अंडी होती.

"भाऊजी, बाळंतिणीवर फावडं उचललंत?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही. ही जागा शोधत रोज बाहेर येत होती बिचारी. टाकीतली बाई ओळखता आली नाही, आणि निघालात पाऊस ओळखायला."

धाकट्याने फावडं खाली टाकलं. भडका मात्र उठेना. हललो तर अंडी फुटतील, या धाकाने तो कोपरांवर अंग तोलून राहिला होता.

"फुटलं का रे एखादं?" त्याने विचारलं.

धाकटा गुडघ्यांवर बसला आणि त्याने खाली वाकून पाहिलं. "नाही, दादा. सगळी शाबूत आहेत." मग त्याने भावाच्या काखांत हात घालून त्याला अलगद बाजूला घेतलं आणि आपला सदरा फाडून बोटं बांधली.

त्या ढिगात भट्टीभर विटांची माती होती. तिला कुणी हात लावला नाही. धाकटा सुजलेल्या तोंडाने ओढ्यापलीकडून नवी माती वाहू लागला. भडका बांधलेला हात मांडीवर घेऊन ढिगाशी राखणीला बसला, आणि धाकटा तिथून जाताना गाढवाला लांबचा वळसा घालून नेऊ लागला.